पंचाने न पाहिलेला फाऊल

दत्तू,

परवा आपल्या कॅरम मंडळात तुझी शोकसभा झाली. सगळे बोलले. अध्यक्ष बोलले, डॉक्टर बोलले, ज्याला तू जन्मात कधी बोर्डाला हात लावू दिला नाहीस तो वरच्या मजल्यावरचा गुप्तेही बोलला. मी बोललो नाही. लोकांना वाटलं, मला रडू येत असणार. ते काही खोटं नव्हे. पण खरं कारण वेगळं होतं. शोकसभेत गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून मंडळाच्या वार्षिक अंकातली ही पानं मी मागून घेतली.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, हे इथे लिहीत नाही. घाटकोपरात ज्याला म्हणून एकदा खोकला झाला, त्याला डॉक्टरांच्या दवाखान्यातला दत्ताराम कंपाउंडर ठाऊक आहे. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की आज कॅरमची देशभराची एक संघटना आहे, तिचे नियम मद्रासेपासून दिल्लीपर्यंत एकच आहेत, आणि त्या नियमांचा पहिला खर्डा आपल्या चाळीच्या गॅलरीत तयार झाला. लिहिणारा मी, खेळून दाखवणारा तू.

त्याआधी काय होतं ते आठवतं ना? प्रत्येक उपनगराचा वेगळा कायदा. मुलुंडवाले अंगठ्याने मारायचे. बोरिवलीला राणी घेतली की कव्हरसाठी, म्हणजे तिच्यामागून आपली सोंगटी टाकायला, लागोपाठ तीन संधी. मालाडच्या बोर्डाची भोकं एवढी मोठी की तू मला म्हणालास, "बीए, ह्यात सोंगटी कशाला, लिंबू टाका." अंधेरीवाले आपला बोर्ड हातगाडीवर घालून इथवर घेऊन आले, कारण दुसऱ्याच्या बोर्डावर त्यांचा विश्वास नाही. मॅच सकाळची ठरलेली असायची आणि जेवणाची वेळ होईपर्यंत नुसता वाद. खेळायला बसेपर्यंत अर्धे प्रेक्षक घरी गेलेले.

आणि आपल्या मंडळाचा कायदा तर सगळ्यांहून न्यारा. आपल्याकडे पंचच नव्हता. हात लागला, बाही लागली, सोंगटी केसभर जरी हलली, तर ज्याची चूक त्यानेच बोटाच्या पेराने बोर्डाच्या चौकटीवर ठोकायचं. टक. बस. मग आपली एक सोंगटी काढून मध्ये ठेवायची आणि स्ट्रायकर समोरच्याला द्यायचा. कोणी विचारायचं नाही, कोणी समजूत घालायची नाही. मुलुंडचा तो जाडा गडी पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं ही काहीतरी कोकणातली भूतबाधा काढायची रीत आहे. "ठोकता कशाला सारखं?" तू म्हणालास, "पाहुण्या, तू पण ठोकशील. दोन रविवार ये फक्त." आणि तो ठोकायला लागला, हे मात्र खरं.

बोर्डावर बोरिक पावडर टाकायचं काम तुझ्याशिवाय कोणाचं नाही. दवाखान्यातून पैसे मोजून आणायचास, पण डॉक्टरांना कायम शंका. "दत्ताराम, घाटकोपरात एवढ्या लोकांचे डोळे येतात काय रे?" मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून तू ती बोर्डावर हलकेच झटकायचास, जशा वहिनी भाकरीवर पीठ भुरभुरतात. पावसाळ्यात प्लायवूड फुगायचं, सोंगट्या मध्येच थबकायच्या. मग तुझ्या घरी सुमनवहिनींच्या चुलीपासून हातभर लांब बोर्ड उभा करून ठेवायचा. वहिनी म्हणायच्या, "पोरांचे कपडे वाळत नाहीत माझ्या, आणि ह्यांचं लाकूड आधी वाळवायचं!" म्हणायच्या, आणि पोरांचे लंगोट सरकवून जागा करून द्यायच्या.

माझा बी. ए.चा निकाल लागला त्या दिवसाबद्दल मी कोणाजवळ फारसा बोललेलो नाही. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी, आणि पदवी घेणाराही पहिलाच. वडिलांना निकाल सांगितला, ते "बरं" म्हणाले आणि उगाच चप्पल शोधू लागले. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. मला काय करावं सुचेना, म्हणून मंडळात आलो. दारात तू हात आडवा धरून उभा. बोर्डाभोवती सगळे जमलेले आणि खेळत कोणीच नाही. बोर्डावर पावडरचा जाड थर, आणि त्या पांढऱ्या थरात तुझ्या बोटाने लिहिलेली दोन मोठी अक्षरं, बी आणि ए. तू दुपारपासून कोणाला खेळू दिलं नव्हतंस. तू म्हणालास, "बघितलंस? आता पूस. लोकांचा खोळंबा झालाय." मी माझ्या हाताने पुसलं. तेव्हापासून चाळीत माझं सदाशिव हे नाव गेलं आणि बीए राहिलं. विद्यापीठाच्या समारंभात मला कागद मिळाला. पदवी मला तिथे, बोर्डावर मिळाली, असं मी आजही धरून चालतो.

एक नियम, एक बोर्ड, एक संघटना, ही कल्पना माझी. हे मी उघड सांगतो, कारण तूही कधी नाकारलं नाहीस. मी म्हटलं, "दत्तू, क्रिकेटला कायदा आहे. टेनिसला आहे. कॅरम देशातल्या प्रत्येक चाळीत आहे आणि कायदा नाही. ज्याचा कायदा नाही त्याला कोणी खेळ म्हणत नाही, टाइमपास म्हणतात." तू स्ट्रायकर बोटांत फिरवत म्हणालास, "होय महाराजा. पण आधी मालाडची भोकं बारीक कर."

मग रविवारमागून रविवार गॅलरीत बसून आपण एकेक गोष्ट नक्की केली. बोर्ड केवढा, भोक केवढं, स्ट्रायकर किती जड, कोपर कुठवर जावं, बसल्या जागेवरून उठावं की नाही. मी वाक्य लिहायचो, तू त्या वाक्यात पळवाट शोधायचास. "असं लिहिलंस तर मी डाव्या हाताने बाण ओलांडीन, मग काय करशील?" मी खोडून पुन्हा लिहायचो. उपनगरांची मंडळं आधी एकत्र आली, मग शहरातली, मग मी हैदराबाद, मद्रास, दिल्ली अशी पत्रं धाडली. आश्चर्य म्हणजे उत्तरं आली. सगळीकडे तीच रड होती. प्रत्येक गावाला आपल्याच बोर्डाचं कौतुक.

स्थापनेच्या बैठकीला पाहुणे आले, ते इथल्याच शाळेत उतरले. त्यांचं जेवण तुझ्याकडे. हैदराबादचे ते वकील सोलकढीला गुलाबाचं सरबत समजून गटागटा प्याले आणि मिरची लागून डोळ्यांतून पाणी! तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "साहेब, आमच्याकडे नियम आधी विचारतात, मग पितात." पंगतीत एवढा हशा कधी पिकला नसेल. संध्याकाळपर्यंत संघटना उभी राहिली. मी सहचिटणीस. तुला मी कार्यकारिणीत घ्यायचं म्हटलं तर म्हणालास, "मी खेळणार. कोणीतरी खेळायला नको का तुमच्या संघटनेत?"

एकाच नियमावर आपलं पटलं नाही. पंच.

तू म्हणालास, पंच नको. मी म्हटलं, वेडा आहेस का, राष्ट्रीय स्पर्धेत पंच नको? तू म्हणालास, "पंच बसवलास की खेळाडू बोर्डाकडे नाय, पंचाकडे बघत खेळेल. त्याने पाहिलं का? नाही ना? मग चाललं." मी म्हटलं, "दत्तू, घाटकोपरच्या चाळीत चालतं ते देशात चालत नाही. सगळे तुझ्यासारखे नसतात." त्यावर तुझं उत्तर, "पण सगळे ठोकायला शिकतात. मुलुंडचा जाडा शिकला."

मतदान झालं, पंच आले. मीच कलम लिहिलं: पंचाने पाहिला तो फाऊल, आणि पंचाचा निर्णय अखेरचा.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा अंधेरीच्या शाळेत झाली. तू उपांत्य फेरीत. समोर मद्रासचा तो किडकिडीत, चष्मेवाला तरुण, नमस्कार करून बसणारा. हॉल गच्च. तुझ्या अंगावर पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, कारण मीच बजावलं होतं, "बाहेरचे लोक आलेत, बनियनवर बसू नकोस." शेवटचा बोर्ड. तू राणी घेतलीस. कव्हरची पांढरी सोंगटी भोकाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल अशी. तू स्ट्रायकर लावायला हात पुढे केलास, आणि त्या कडक बाहीचं टोक चौकटीजवळच्या काळ्या सोंगटीला लागलं.

टक.

सगळ्या हॉलने ऐकलं. पंच एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा वर केला.

"काय झालं?"

"फाऊल. बाही लागली."

"मी पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना मास्तर."

"पंच तुम्ही की मी?"

लोक हसले. मास्तर लाल झाले. मला बोलावलं गेलं, कारण कलम माझं. मी पुस्तिका उघडलीसुद्धा नाही, पाठ होती. म्हटलं, "पंचांनी पाहिलेला नाही, म्हणजे फाऊल नाही. खेळ पुढे चालू." तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नव्हे. एखाद्याला वर्षानुवर्षं ओळखतो आणि तो अचानक परक्या भाषेत बोलला, तर जसं बघू, तसं. हळूच, गावच्या बोलीत म्हणालास, "पंचाक दिसला नाय बीए, पण माका कळला मा?"

मग तू स्ट्रायकर लावलास, तोंडाशी असलेल्या पांढऱ्या सोंगटीकडे ढुंकूनही न बघता तो सरळ समोरच्या भोकात ढकललास. मुद्दाम. राणी परत मध्ये, वर तुझी एक सोंगटी दंडाची. मद्रासच्या पोराने दोन खेपांत बोर्ड साफ केला. जिंकला तो, पण उठताना तुझ्याआधी उठला नाही.

मुद्दाम हरणं हाही आपल्याच नियमांत गुन्हा. कार्यकारिणीने तुला ताकीद दिली आणि ती भर सभेत वाचायचं काम सहचिटणिसाचं. मी वाचली. तू पहिल्या रांगेत मांडीवर पोरगी घेऊन बसला होतास. सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणालास, "वाचलंस झकास. उच्चार एकदम स्पष्ट." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

माझी चूक झाली असं मात्र मी म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आज तू नाहीस म्हणून म्हणणार नाही. माझ्या बापाने गिरणीत सगळं आयुष्य मुकादमाच्या मर्जीवर काढलं. मुकादम चांगला असला की ते दिवस चांगले, वाईट आला की वाईट. लिहिलेलं काही नव्हतं, आणि असतं तरी वाचता आलं नसतं. म्हणून मला लिहिलेला नियम प्यारा. नियम असा हवा की समोरचा माणूस चांगला असण्याची गरजच पडू नये. तू म्हणायचास, "म्हणजे चांगला माणूस आला तर त्याने बसायचं कुठे, तेवढं सांग." ह्या दोन वाक्यांवर आपण किती चहा प्यालो असू रे!

तू नंतर संघटनेच्या एकाही स्पर्धेत नाव घातलं नाहीस. रुसलास असंही नाही. स्पर्धा आली की बोर्ड घासायला, पावडर द्यायला, पाहुण्यांच्या पंगतीला सगळ्यांत पुढे. मी म्हणायचो, "नाव घाल की, यार." तू म्हणायचास, "ठराव मांड. खेळाडूने स्वतः ठोकलं तर पंचाने मानायचं, एवढाच. मग बघ, बनियनवर येतो की नाही!" मी म्हणायचो, ज्या ठरावावर माझा विश्वास नाही तो मी कसा मांडू? असं करत बैठका गेल्या. संघटना मोठी झाली. नवी राज्यं आली, शाळांत स्पर्धा सुरू झाल्या, आता कोणी कॅरमला टाइमपास म्हणायला धजत नाही. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात आमच्याकडचा सगळ्यांत चांगला हात रविवारी सकाळी चाळीत, गुप्ते सोडून कोणाशीही, खेळत बसलेला असायचा. मद्रासहून पत्र यायचं, त्यात एक ओळ ठरलेली: ते ठोकणारे गृहस्थ यंदा तरी खेळणार का? मी ती ओळ तुला वाचून दाखवायचो. तू हसायचास आणि पावडर झटकायचास.

मग कावीळ. हजारोंना औषधाच्या पुड्या बांधून देणारा तू, स्वतःचे डोळे पिवळे झालेले आठवडाभर कोणाला सांगितलं नाहीस. इस्पितळात मी आलो तेव्हा तुझी बोटं चादरीवर स्ट्रायकर लावल्यासारखी हलत होती. तू विचारलंस, "बैठक कधी?" मी म्हटलं, जवळ आलीय. "ठराव?" मी म्हटलं, "तू बरा हो. स्वतः ये आणि स्वतः मांड. मी विरुद्ध बोलतो की नाही बघ." तू म्हणालास, "विरुद्ध बोल रे. पण मांड कोणीतरी." आणि भिंतीकडे वळलास. मला तेव्हा "मांडतो" म्हणता आलं असतं. तो शब्द तोंडात होता. मी म्हटलं काय, तर "मोसंबी आणलीय."

दत्तू, काल बैठक झाली. त्याच अंधेरीच्या शाळेत. ठराव मी मांडला.

मांडताना तुझं नाव घेतलं. दिल्लीचे प्रतिनिधी लगेच उठले. म्हणाले, एखादा खेळाडू खोटाच फाऊल सांगून मुद्दाम हरला तर? हा प्रश्न माझाच होता, इतकी वर्षं मीच तुला विचारत आलोय. तुझं उत्तर मला तोंडपाठ, पण ते मी माझ्या तोंडाने कसं देऊ? तेवढ्यात मागून कोणीतरी उभं राहिलं. मद्रासचा तो चष्मेवाला. आता त्यांचा प्रतिनिधी म्हणून येतो, थोडा अंगाने भरलाय. इंग्रजीत, सावकाश म्हणाला, "ती काळी सोंगटी माझी होती. हलली ती मीही पाहिली. पण आम्हांला शिकवलं होतं, पंच असताना खेळाडूने बोलायचं नाही. म्हणून गप्प बसलो. त्या बोर्डाभोवती आम्ही तिघे होतो. दोघांनी फाऊल पाहिला, आणि ज्याने पाहिला नाही त्याचं खरं ठरलं. मी ह्या ठरावाला अनुमोदन देतो."

मला हे ठाऊक नव्हतं. तुला होतं का? तू बोर्डावरून नजर वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं होतंस, ते मला आठवतं. ठाऊक असूनही कधी बोलला नसशील, तर तूच तो. पंच खोटा पडला असता म्हणून बोलला नसशील. की मी पडलो असतो म्हणून?

हात वर झाले. अध्यक्षांनी मोजायचं कारणच नव्हतं. मग रीतीप्रमाणे विचारलं, विरुद्ध? मी हात वर केला. माझा एकट्याचा. अध्यक्ष गोंधळले. "अहो, ठराव तुमचाच ना?" मी म्हटलं, ठराव दत्तारामचा, मत माझं. तशी नोंद करा.

संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. बोर्ड चुलीपासून हातभर लांब उभा होता, तसाच. वहिनी बाहेर आल्या. तू गेल्यापासून त्यांचा चेहरा बघवत नाही. त्यांनी विचारलं, "भावोजी, ह्यांच्या ठरावाचं काय झालं?"

"पास झाला."

"आणि तुम्ही?"

"विरुद्ध."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या रे दत्तू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बरं केलंत," म्हणाल्या. "तुम्ही हो म्हटलं असतंत, तर ह्यांना आपण जिंकलो असं वाटलंच नसतं."